नॉव्हिसांचे मार्गदर्शन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉव्हिस म्हणजे सिस्टर होण्याची तयारी करणारी, अजून व्रते न घेतलेली मुलगी. मराठवाड्यातील कॉन्व्हेंटमध्ये नॉव्हिसांची जबाबदारी नव्याने आलेल्या सिस्टर आणि ज्यांच्या मुली नॉव्हिशिएटमध्ये आहेत असे आईवडील साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरे सिस्टरांच्या संस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. ब्रदर आणि फादर यांच्या संस्थांनाही धर्मसभेचे तेच नियम लागू होतात, मात्र प्रत्येक संस्थेची स्वतःची घटना असते आणि तपशिलाच्या बाबतीत ती आधी पाहावी.

नॉव्हिशिएट म्हणजे काय आणि ते किती काळ चालते?

मुलगी आधी उमेदवार म्हणून कॉन्व्हेंटमध्ये राहते, तिथले जीवन जवळून पाहते आणि त्यानंतर नॉव्हिशिएटमध्ये प्रवेश घेते. व्रतस्थ जीवनाची रीतसर सुरुवात येथून होते, परंतु या काळात तिने कोणतेही व्रत घेतलेले नसते. १९८३ च्या कॅनन लॉनुसार, म्हणजे कॅथॉलिक धर्मसभेच्या कायद्यानुसार (त्याच्या कलमांना कॅनन म्हणतात), नॉव्हिशिएट वैध ठरण्यासाठी नॉव्हिसांच्या घरात बारा महिने राहणे आवश्यक आहे आणि, शेवटी शंका उरल्यास मिळणारी वाढ सोडली तर, एकूण काळ दोन वर्षांपलीकडे नेता येत नाही. सतराव्या वर्षाआधी प्रवेश दिला तर तो वैध ठरत नाही. धाक घालून किंवा फसवून दिलेल्या प्रवेशाचेही तसेच आहे. या काळात संस्था मुलीला पारखते हे सर्वांना माहीत असते, पण मुलगीही संस्थेला पारखत असते हे आपण सोयीने विसरतो.

नॉव्हिस मिस्ट्रेसने शाळा किंवा होस्टेल सांभाळले तर चालते का?

नॉव्हिस मिस्ट्रेस म्हणजे नॉव्हिसांना घडवण्याची जबाबदारी असलेली सिस्टर. नियमाप्रमाणे ती त्याच संस्थेची, कायमची व्रते घेतलेली आणि रीतसर नेमलेली सिस्टर असावी लागते. इतर कामांचा अडथळा न होता हे काम स्थिरपणे करू शकेल अशा, नीट तयारी झालेल्या व्यक्तीकडेच ते सोपवावे, असेही कॅनन ६५१ मध्ये म्हटले आहे. प्रत्यक्षात आपल्या मिशन केंद्रांवर माणसे कमी आणि कामे फार असतात. त्यामुळे ज्या सिस्टरकडे नॉव्हिस असतात, तिच्याकडेच मुलींचे बोर्डिंग, दवाखान्याची औषधखरेदी आणि उन्हाळ्यात टँकर कधी येणार याची चौकशी येऊन पडते. अशी सिस्टर संध्याकाळी नॉव्हिसला वेळ देते तेव्हा तिचा अर्धा जीव फोनकडे असतो, आणि समोर बसलेल्या मुलीला ते लगेच कळते. माझे स्पष्ट मत आहे की वरिष्ठांकडे याबाबत आग्रह धरण्यात संकोच करू नये, कारण धीर ठेवायला आधी वेळ असावा लागतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

नॉव्हिस तीच चूक पुन्हा पुन्हा करत असेल तर किती धीर धरावा?

नव्या मिस्ट्रेसची सर्वांत मोठी अडचण ही असते, आणि बहुतेक वेळा तिची सुरुवात धीराचा अर्थ चुकीचा घेण्यातून होते. धीर म्हणजे गप्प बसणे अशी समजूत करून घेऊन ती महिनोन्महिने काही बोलत नाही, मनात मात्र हिशेब ठेवते, आणि अहवाल लिहिण्याची वेळ आली की सगळा हिशेब एकदम बाहेर काढते. सांगण्यात उशीर करायचा आणि बदलाची मात्र घाई करायची, असा हा उलटा व्यवहार आहे. चूक दिसल्यावर ती लवकर, एकांतात आणि थोडक्यात सांगावी. बदलासाठी मात्र महिने द्यावेत, कधी कधी वर्षभर द्यावे. जी गोष्ट नॉव्हिसच्या तोंडावर कधीच बोललो नाही, ती तिच्याविषयीच्या अहवालात पहिल्यांदा लिहिणे हा अन्याय आहे.

चुकीमागे काय आहे हे शोधायलाही वेळ लागतो. आमच्याकडे बीड जिल्ह्यातील एक नॉव्हिस होती. तिच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली शेंगदाण्यांच्या पुड्या आणि वाळलेल्या भाकरीचे तुकडे सापडत. स्वयंपाकघरातील वस्तू न विचारता नेणे हा दारिद्र्याच्या व्रताला विसंगत दोष आहे, असे तिला एकदा सुनावून झाले होते आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता. पुढे पडवीत तूर निवडताना ती आपणहून बोलू लागली. तिचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जात. लहानपणी तीही त्यांच्याबरोबर कारखान्याच्या परिसरात कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहिली होती, आणि रात्री भूक लागली तर मागायला कोणी जागे नसे, म्हणून उशाशी काहीतरी ठेवायची सवय तिला जडली होती. हे कळल्यावर दोष नाहीसा झाला असे नाही. तो कमी झाला, उपवासकाळात पुन्हा दिसला आणि पुन्हा बोलावे लागले. फरक इतकाच पडला की आता मिस्ट्रेस तिला चोर समजून बोलत नव्हती, आणि नॉव्हिसही ट्रंक उघडून दाखवताना थरथरत नव्हती.

यावरून प्रत्येक दोषामागे करुण कहाणी असतेच असे कोणी समजू नये. काही मुली साध्या आळशी असतात, काही तोंडाळ असतात. त्यांना तसे सांगावे आणि कामाला लावावे.

नॉव्हिस काहीही विचारले तरी "हो सिस्टर" एवढेच म्हणते. तिला बोलते कसे करावे?

खेड्यातील मुलीला मोठ्यांसमोर मान खाली घालून "हो" म्हणायला शिकवलेले असते. ती त्याच वळणाने वागते, यात लपवाछपवी नसते. मिस्ट्रेस टेबलापलीकडे खुर्चीत बसली आणि मुलगी समोर उभी राहिली, तर शाळेतील मुख्याध्यापिकेच्या खोलीत जे होते तेच येथेही होते. शेंगा सोलताना, चादरी वाळत घालताना किंवा बागेला पाणी देताना दोघींचे हात गुंतलेले असतात, नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि मुली अशा वेळी मोकळ्या होतात. प्रश्न विचारतानाही ज्याचे उत्तर "हो" मध्ये देता येणार नाही असाच विचारावा. "प्रार्थना बरी झाली का?" याऐवजी "आज वाचलेल्या शुभवर्तमानातलं कुठलं माणूस तुला तुमच्या गावात भेटलं असतं?" असे विचारल्यावर लातूरकडची एक अबोल मुलगी जक्कय या श्रीमंत जकातदाराविषयी अर्धा तास बोलली होती, आणि त्यात गावच्या सावकाराचेही बरेच काही आले.

भाषेचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. एकाच नॉव्हिशिएटमध्ये मराठवाडा, वसई, झारखंड आणि केरळ येथील मुली एकत्र असतात, म्हणून व्यवहार इंग्रजीत किंवा हिंदीत चालतो. तो तसा चालू द्यावा. परंतु वैयक्तिक प्रार्थना, मननाची वही आणि मिस्ट्रेसशी होणारे खासगी बोलणे यांसाठी प्रत्येकीला आपल्या भाषेची मुभा असावी. जिला इंग्रजीत फक्त पाठ केलेली वाक्ये येतात, तिचे मन आपल्याला पाठ केलेल्या वाक्यांतूनच दिसेल. वहीतल्या मराठीचे शुद्धलेखन मात्र कृपा करून तपासू नये.

नॉव्हिसने मनातले सगळे मिस्ट्रेसला सांगितलेच पाहिजे का?

नाही. वरिष्ठांनी सदस्यांना आपला अंतरात्मा उघड करण्यास कोणत्याही प्रकारे प्रवृत्त करू नये, असे कॅनन ६३० मध्ये म्हटले आहे. मनापासून, विश्वासाने सांगणे हे चांगलेच असते, पण ते मुलीने आपणहून दिलेले असावे. पापनिवेदनाच्या बाबतीतही स्वातंत्र्य राखलेले आहे. फादरांच्या संस्थांत नॉव्हिस मास्टर फादर असतात. त्यांनी आपल्याच घरात राहणाऱ्या नॉव्हिसांचे पापनिवेदन, विशिष्ट प्रसंगी नॉव्हिसने स्वतः विनंती केल्याशिवाय, ऐकू नये असा नियम आहे. याचे कारण उघड आहे. जो माणूस पुढे तिच्या किंवा त्याच्या योग्यतेविषयी मत देणार आहे, त्याच्याकडे पापनिवेदनातील गोष्टी असता कामा नयेत.

मिस्ट्रेसला खासगीत सांगितलेली प्रत्येक गोष्ट संध्याकाळच्या जेवणाच्या टेबलावर पोहोचते अशी शंका एकदा आली, की पुढची दहा वर्षे ती मुलगी कोणालाही ताकास तूर लागू देत नाही. म्हणून मिस्ट्रेसने पहिल्याच आठवड्यात काय गुप्त राहील, काय वरिष्ठांना कळवावे लागेल आणि काय अहवालात येईल हे नॉव्हिसांना स्पष्ट शब्दांत सांगून टाकावे.

घरची आठवण येऊन मुलगी रडत असेल तर तिला घरी पाठवावे का?

आठवण येणे हा पाचारण, म्हणजे या जीवनासाठी देवाचे बोलावणे, नसल्याचा पुरावा नाही. कोणत्या दिवशी येते हे मात्र पाहावे. लातूर आणि धाराशिव भागातील मुलींना नाताळपेक्षाही येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, घर जास्त आठवते, कारण त्या दिवशी सगळे गाव शेतात असते आणि कॉन्व्हेंटमध्ये मात्र रोजची घंटा वाजते. आमच्याकडे त्या दिवशी भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील करून बागेतच जेवण्याची पद्धत पडली आहे. झारखंडच्या मुलींना आंबील फारशी आवडत नाही, पण त्यांनाही त्यांच्या सणाला त्यांचा पदार्थ करायला मिळतो.

घरी खरेच संकट आले, म्हणजे वडील आजारी पडले किंवा नापिकीमुळे घरात ताण वाढला, तर गोष्ट वेगळी आहे. नियमानुसार पंधरा दिवसांहून अधिक अनुपस्थिती झाल्यास ते दिवस भरून काढावे लागतात, आणि एकूण तीन महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास नॉव्हिशिएट अवैध ठरते. त्यामुळे चार-आठ दिवसांच्या भेटीला कायद्याची आडकाठी नाही, संस्थेच्या नियमांत काय बसते तेवढे पाहावे. शेतकऱ्याच्या घरची मुलगी गप्प गप्प राहू लागली, तर घरच्या कर्जाची चौकशी आवर्जून करावी. आपण चॅपेलमध्ये बसलो आहोत आणि भाऊ शिक्षण सोडून मजुरीला जातो आहे, हा विचार तिला आतून पोखरत असतो, आणि ती तो "प्रार्थनेत मन लागत नाही" अशा शब्दांत सांगते.

प्रार्थनेत मन लागत नाही किंवा झोप येते, असे नॉव्हिस म्हणाली तर?

आधी ती रात्री किती तास झोपते आणि तिचे हिमोग्लोबिन किती आहे हे पाहावे. हे थट्टेने लिहिलेले नाही. आपल्या भागातील अनेक मुली रक्तक्षय घेऊनच येतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना पंख्याविना काढलेल्या रात्रीनंतर पहाटेच्या मननात डुलकी लागणे साहजिक असते.

शरीराचे कारण नसेल तर घाबरू नये आणि घाबरवूही नये. फ्रान्समधील कार्मेल मठात राहिलेल्या लिझ्यूच्या संत तेरेजा आपल्या प्रार्थनेच्या वेळी वर्षानुवर्षे झोपून जात असत, आणि लेकरू झोपले तरी आईबापांना तितकेच प्रिय असते, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. याच तेरेजांकडे १८९३ पासून त्या मठातील नॉव्हिसांना मदत करण्याचे काम होते, आणि तेव्हा त्यांचे वय अवघे वीस होते. आपल्या आवडी आणि आपल्या कल्पना बाजूला ठेवून प्रत्येकीला ख्रिस्ताने तिच्यासाठी आखलेल्या वाटेने न्यावे, स्वतःच्या वाटेने ओढू नये, असा त्यांचा अनुभव होता. ज्या मिस्ट्रेसला जपमाळेत गोडी आहे, ती सर्वांना जपमाळेकडे वळवते. जिला शास्त्रवाचन आवडते, ती ते सर्वांवर लादते. यात दुष्टावा नसतो, पण नॉव्हिस मात्र दुसऱ्याच कोणाची तरी प्रार्थना करत राहते.

नॉव्हिसांमध्ये जातीवरून किंवा प्रदेशावरून तट पडले तर काय करावे?

"आपल्यात असे काही नाही" हे वाक्य प्रथम सोडून द्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनरी फादर गुरियन जाकिए यांनी घोगरगाव येथून काम केले आणि पुढे १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. या सगळ्या काळात येथील ख्रिस्ती समाज मुख्यतः दलित कुटुंबांतून वाढला, हे जगजाहीर आहे. बाप्तिस्म्याने गावातील वागणूक बदलली नाही, आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीच्या सवलतीही मिळत नाहीत. अशा घरातील मुलीला नॉव्हिशिएटमध्ये "तुमच्याकडे असेच असते" हे शब्द ऐकू आले, तर ते कोठून येतात हे तिला बरोबर कळते.

येथे मात्र धीर कामाचा नाही. आळस, विसराळूपणा, रुसवे यांना वर्षभर वाव देता येईल. हिणवणे त्याच दिवशी थांबवावे, आणि जिने हिणवले ती कितीही हुशार, गोड गळ्याची किंवा वरिष्ठांच्या ओळखीची असली तरी तिला बसवून बोलावे. मिस्ट्रेसनेही कामांची यादी एकदा तपासून पाहावी. संडास-बाथरूमची पाळी सतत कोणाकडे येते आणि पाहुण्यांसमोर कोणाला पाठवले जाते, एवढे पाहिले तरी बरेच समजते.

मोबाइलचे काय?

संस्थेच्या नियमाप्रमाणे. बहुतेक ठिकाणी आठवड्यातून एकदा घरी फोन करू देतात आणि ते पुरेसे आहे. मिस्ट्रेसने स्वतःचा फोन जेवणाच्या टेबलावर आणला, तर नॉव्हिसांना दिलेला उपदेश वाया जातो.

"मला जायचे आहे" असे नॉव्हिस म्हणाली तर तिला थांबवावे का?

नॉव्हिस केव्हाही मोकळेपणाने जाऊ शकते, आणि योग्य अधिकारीही तिला परत पाठवू शकतात, असे कॅनन ६५३ सांगतो. थांबवण्याचा अधिकार कोणालाच नाही. उदासीच्या काळात आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये, हा जेसुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा सल्ला बहुतेक मिस्ट्रेस अशा वेळी पुढे करतात. सल्ला उत्तमच आहे. परंतु तो मुलीने स्वतःला लावून पाहण्यासाठी आहे, तिला अडवून धरण्यासाठी नाही. थोडे दिवस थांबून, शांत मनाने, दुसऱ्या एखाद्या फादर किंवा सिस्टरशी बोलून मग ठरव, एवढे म्हणावे आणि ठरलेल्या दिवशी पुन्हा विचारावे. "बघू", "नाताळ होऊ दे", "मदर आल्यावर बोलू" असे करत महिने काढू नयेत.

उलट बाजूने, मुलगी योग्य वाटत नसेल तर तेही शेवटच्या आठवड्यात सांगू नये. मुदत संपताना शंका उरली असेल तर वरिष्ठ सहा महिन्यांपर्यंत वाढ देऊ शकतात. ही वाढ कशासाठी आहे आणि त्यात काय पाहिले जाईल हे मुलीला आधी कळले पाहिजे, नाहीतर ती शिक्षा ठरते.

परत जाणाऱ्या मुलीची पाठवणी नीट करावी. तिची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि बाप्तिस्म्याचे प्रमाणपत्र तिच्या हातात द्यावे. कपाटात राहून गेलेल्या एका मूळ गुणपत्रिकेमुळे नर्सिंगचा प्रवेश हुकल्याचे उदाहरण मला माहीत आहे. कॉन्व्हेंटमध्ये केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नसला, तरी जाणाऱ्या व्यक्तीशी न्यायाने आणि प्रेमाने वागावे, अशी अपेक्षा कायद्याने संस्थेकडून ठेवली आहे. म्हणून प्रवासखर्च आणि हातात थोडे पैसे द्यावेत. शक्य असेल तर मिस्ट्रेसने स्वतः घरापर्यंत जावे. गावात मुलगी "काढून टाकलेली" ठरते की "विचार करून परत आलेली", हे पुष्कळदा सिस्टर अंगणात बसून चहा प्यायल्या की नाहीत यावर ठरते.

आमची मुलगी सिस्टर झाली तर जमिनीतील तिच्या हिश्शाचे काय? भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतो आहे.

नॉव्हिशिएटच्या काळात तिच्या मालकी हक्कात काहीही बदल होत नाही. पहिली व्रते घेण्यापूर्वी तिला आपल्या मालमत्तेचा कारभार आपल्या पसंतीच्या व्यक्तीकडे सोपवावा लागतो, आणि कायमच्या व्रतांपूर्वी देशाच्या कायद्याने ग्राह्य असे मृत्युपत्र करावे लागते. पहिली व्रते किमान तीन वर्षांसाठी असतात आणि त्या काळाअखेर ती बाहेर पडू शकते. भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो आणि वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा समान असतो.

त्यामुळे नॉव्हिस असताना, भेटीच्या दिवशी, व्हरांड्यात बसून सातबाऱ्याच्या कागदावर सही करण्याची काहीच घाई नाही. अशी सही घ्यायला कोणी आले, तर मिस्ट्रेसने मुलीला वेगळे घेऊन तिची इच्छा विचारावी आणि वकिलाला कागद दाखवल्याशिवाय काही होऊ देऊ नये. संस्थेने तिच्या हिश्शावर डोळा ठेवणे तितकेच गैर आहे, आणि पालकांनी तसे आढळल्यास थेट संस्थेच्या प्रांतप्रमुख सिस्टरांकडे किंवा बिशपांकडे तक्रार करावी.

पालकांनी भेटायला कधी यावे?

संस्थेने ठरवून दिलेल्या दिवशी यावे, शक्यतो दोघांनी मिळून यावे आणि आधी फोन करावा. खाऊ आणायचा तर सर्वांना पुरेल इतका आणावा. मुलीशी एकांतात बोलण्याचा तुम्हाला अधिकार आहे. तो मिळत नसेल तर मिस्ट्रेसकडे संकोच न करता मागावा.